पंचतुंड म्हणजे पाच सोंडा? पुरे आता!

मराठी रंगभूमी दिन जवळ आला की तो फॉरवर्ड फिरायला लागतो: अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल' नाटकाच्या नांदीचा, म्हणजे सुरुवातीच्या स्तवनाचा, म्हणे 'खरा अर्थ'. पंचतुंड म्हणजे पाच सोंडांचा गणपती, नररुंडमाल म्हणजे त्याच्या गळ्यातली रुंद माळ, आणि 'जाणुनियां अवसान नसोनी' म्हणजे अण्णासाहेबांना मरण जवळ आल्याचं कळलं होतं. यंदा सोसायटीत नांदी म्हणणाऱ्या माझ्या मावशीने निवेदन म्हणून हेच वाचून दाखवलं. मरणापाशी तिचा आवाज दाटून आला, आणि माझं डोकं तडकलं.

तुंड म्हणजे तोंड. पाच तोंडांचा, मुंडक्यांची माळ घालणारा तो शंकर. रुंडाचं रुंद कसं झालं ते कीबोर्डालाच ठाऊक. पण त्याच ओळीत पुढे 'पार्वतीश आधीं नमितो' आहे ना! पार्वतीश म्हणजे पार्वतीचा नवरा. या शहाण्याने लेकाला बापाच्या पाटावर बसवलंय आणि आपण खाली हात जोडलेले इमोजी टाकतोय. गणपती येतो तो दुसऱ्या ओळीत, विघ्नांचा डोंगर फोडायला: 'विघ्नेश्वर गणपति मग तो'. 'आधीं' आणि 'मग' कळायला काही संस्कृत लागत नाही. शिवाय मूळ नाटक कालिदासाचं, आणि त्याची स्वतःची नांदी, 'या सृष्टिः स्रष्टुराद्या', अष्टमूर्ती शिवाचीच. किर्लोस्करांनी तीच वाट धरली.

वक्रतुंड म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे सोंड येते, कबूल. पाच तोंडांचा हेरंब गणपतीही असतो, तेही कबूल. पण तो पार्वतीचा नवरा नव्हे हो!

आता मरण. अवसान म्हणजे शेवट, हा संस्कृत अर्थ खरा आहे. पण मराठीत आपलं अवसान गळतं, आपण उसनं अवसान आणतो, तेव्हा कोण मरतं? अंगात बळ नाही हे जाणूनही 'महत्कृत्यभर शिरिं घेतो', असं कवी विनयाने म्हणतोय. आणि 'शाकुंतल'चा पहिला प्रयोग पुण्यात झाला १८८० साली. १८८२ला त्यांनी 'सौभद्र' आणलं. गेले १८८५ला.

नांदीच्या शेवटी कवी स्वतःला 'बलवत्कवि' म्हणतो ती बढाई आहे, असाही एक मुद्दा आहे त्या फॉरवर्डमध्ये. अहो, त्यांचं नाव बळवंत पांडुरंग! श्लेष असेल, बढाई नाही.

मावशीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अरे, पण मी तो कागद लॅमिनेट करून आणलाय."