सर्वात वेगवान धनुष्य, म्हणून सर्वात भरवशाचं?

शिकारीसाठी पहिला कंपाउंड बो (टोकांना चाकं आणि केबल असलेलं धनुष्य) घेणाऱ्याला हमखास मिळणारा सल्ला असा: बड्या कंपनीचं यंदाचं सर्वात वेगवान मॉडेल घ्या, अमक्या कंपनीचे लिंब (धनुष्याचे वाकणारे दोन बाहू) फुटतात, तिच्या वाटेला जाऊ नका, आणि आजीवन वॉरंटी असली की काळजी मिटली.

आधी वेग. जाहिरातीतला ३४० फूट प्रतिसेकंद हा आकडा खोटा नसतो, पण तो तुमचा नसतो. आयबीओ या धनुर्शिकारी संघटनेच्या पद्धतीच्या मोजणीत साधारण ७० पौंड ड्रॉ वेट (दोरी ओढायचा ताण), ३० इंच ड्रॉ लेंग्थ (दोरी किती मागे ओढली जाते ते अंतर) आणि ३५० ग्रेनचा (ग्रेन हे वजनाचं छोटं एकक) बाण धरतात. तुमची ड्रॉ लेंग्थ २८ इंच, ताण ६० पौंड आणि बाण ४२० ग्रेनचा असेल, तर ढोबळ हिशेबाने इंचामागे १० फूट, पौंडामागे २ फूट आणि दर ३ ग्रेनमागे १ फूट वजा करा. उरतात २७७. स्ट्रिंगवर, म्हणजे दोरीवर, पीप साइट (नेम धरायचं छिद्र) आणि डी-लूप (दोरी ओढायचा छोटा फास) चढवले की आणखी थोडे गळतात.

यावर उत्तर ठरलेलं: हरीण आवाजाने दचकायच्या आत बाण पोहोचायला हवा. २० यार्डांवर बाणाला २८० च्या वेगाने ०.२१ सेकंद लागतात, ३०० च्या वेगाने ०.२०. आवाज मात्र सेकंदाच्या साधारण विसाव्या भागात तिथे हजर! त्या शर्यतीत दोन्ही बो हरतात. शांत बो आणि जरा जड बाण घेतलेला परवडला.

आता फुटके लिंब. फुटक्या लिंबच्या एका फोटोवरून कंपनीची पत ठरवायची, तर त्या मॉडेलचे किती बो विकले गेले हेही कळायला हवं, आणि ते कुणीच सांगत नाही. बो फुटण्याआधी काय घडलं, हे तर फोटोत दिसतच नाही. बाण न लावता सोडलं, म्हणजे ड्राय फायर झालं, तर बाणात जायची ऊर्जा लिंब, कॅम (लिंबच्या टोकांची चाकं) आणि स्ट्रिंगमध्येच आदळते. फार हलका बाणही कमी प्रमाणात तेच करतो. म्हणून ताणाच्या दर पौंडामागे बाणाचं वजन ५ ग्रेनच्या खाली उतरू नये असा दंडक आहे. गंमत म्हणजे वेगाच्या हट्टापायी हलके बाण वापरणारेच पुढे लिंबच्या नावाने बोटं मोडतात.

वॉरंटीचा कागद वाचा. ‘आजीवन’ शब्द बहुधा पहिल्या खरेदीदारापुरता असतो. सेकंडहँड घेणाऱ्याला तो सहसा लागू नाही. स्ट्रिंग आणि केबल सहसा त्यात नसतात, आणि मुळात झिजतात त्याच. त्या ताणल्या की कॅमचं टायमिंग (फिरण्याचा मेळ) हलतं, नेम सरकतो, आणि दोष येतो कंपनीवर. नियमित वापरात दोन-तीन वर्षांनी त्या बदलाव्या लागतात, त्यासाठी बो प्रेस (लिंब दाबून स्ट्रिंग सैल करणारं यंत्र) लागतो. म्हणून ब्रँड निवडताना माझा पहिला प्रश्न हाच: या कंपनीचे सुटे भाग आणि प्रेस हाताळणारा जाणकार माणूस जवळपास आहे का?

‘यंदाचंच मॉडेल’ या आग्रहाबद्दल इतकंच: नव्या कॅमचे दोष पहिल्या वर्षाच्या गिऱ्हाइकांकडेच उघडे पडतात. गेल्या वर्षीचं मॉडेल निदान एक हंगाम पाहून आलेलं असतं, शिवाय स्वस्त मिळतं. सेकंडहँड असेल तर लिंबवरून कापसाचा बोळा फिरवा. तंतू कुठे अडकले, तर तिथे चीर असू शकते. तो बो ओढूही नका.