वरातीमागून फोटोग्राफर

घरात लग्न ठरलंय? अभिनंदन. आता खर्चाची यादी समोर घ्या आणि फोटोग्राफरच्या नावावर काट मारा. हॉल लहान घेता येत नाही, लोक काय म्हणतील. फुलं कमी करता येत नाहीत, स्टेज ओकंबोकं दिसेल. फोटोग्राफर मात्र बिनधास्त कापावा. लग्नाच्या दिवशी कुणाच्या लक्षातही येत नाही. येतं ते नंतर, आणि नंतरचं नंतर बघू.

हे मी अनुभवाने सांगतोय. गेली बावीस वर्षं लग्नाचेच फोटो काढतो. मागच्या मंगळवारी एका गृहस्थांचा फोन आला. चार महिन्यांपूर्वी हेच माझ्याकडे तासभर बसून, तीन अल्बम चाळून, ‘एका दिवसाचे एवढे?’ असं विचारून गेले होते. मग निरोप आला, ‘आमचा भाचाच काढतोय, त्याला आवड आहे.’ ठीक. आता म्हणतात, ‘फोटो काढून झालेत, तुम्ही फक्त जरा नीट करून द्या. तुमच्याकडे सॉफ्टवेअर असतंच ना.’ असतं. शिंप्याकडे मशीनही असतं. पण कापडच जळकं आणलंत तर त्याने काय शिवायचं?

असो. सल्ल्याकडे वळू.

फोटो काढायला नात्यातलंच कुणीतरी धरा. वय एकोणीस-वीस असावं, म्हणजे त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. कॅमेरा स्वतःचा नसला तरी चालेल, मित्राचा असतो. लेन्स कॅमेऱ्याच्या खोक्यात आली तीच. ती अठरा-पंचावन्न मिलिमीटरची लेन्स पूर्ण झूम केली की एफ ५.६ वर जाते; हा आकडा जेवढा मोठा, तेवढा आत येणारा उजेड कमी. आम्ही वापरतो ती झूम करूनही एफ २.८ वर राहते, म्हणजे तिच्यातून चौपट उजेड आत येतो. हे मी सांगायला लागलो की तुम्ही घड्याळाकडे बघायचं. भर उन्हात तसाही फरक कळत नाही. रात्री हॉलमध्ये कळतो. उजेड कमी, म्हणून शटर सेकंदाचा पंधरावा भाग उघडं राहतं, तेवढ्यात माणूस हसतो, वळतो, डोळे पुसतो, आणि फोटोत येतो तो नुसता धूर.

कार्ड एकच घाला. एकच फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर उतरवणारे कॅमेरे भित्र्या लोकांसाठी असतात.

फोटो नीट करायला द्यायचे असतील तर व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवा, म्हणजे वाटेत दाबून ते आणखी बिघडतील.

आता रोषणाई. इथे मात्र हात आखडता घेऊ नका. स्टेजवर जांभळे एलईडी लावा. खालून, वरून, दोन्ही बाजूंनी, शक्यतो रंग बदलणारे. फार भारी दिसतं. डोळ्यांना दिसतं, कारण डोळ्यांमागे मेंदू असतो आणि तो सांभाळून घेतो. कॅमेरा कुणाचा भाचा नसतो, तो सांभाळून घेत नाही. त्या जांभळ्यात निळा असतो, लाल असतो, हिरवा जवळजवळ नसतोच. जो रंग दिव्यातूनच आला नाही, तो चेहऱ्यावरून परत कुठून येणार? मी सॉफ्टवेअरमधल्या रंगांच्या पट्ट्या कितीही सरकवल्या तरी नवरी निळीच राहते. त्यात पोराने कॅमेऱ्यावरचा फ्लॅश थेट तोंडावर मारलाय. पुढच्यांची कपाळं चकाकतायत, मागे काळोख, पांढऱ्या कपड्यांचा नुसता चुना. काढलेत जेपीजीमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये. त्यात एका रंगाच्या २५६ छटा मावतात. चौदा बिटांच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेलं कच्चं जसंच्या तसं ठेवलेल्या फाइलमध्ये, १६,३८४ मावतात. रॉ असती तर कपड्याच्या चुण्या थोड्या तरी ओढून बाहेर काढता आल्या असत्या. पण त्या पोराला हे सांगायला कोण होतं? आणि ऐका, त्या जांभळ्या दिव्यांचं भाडं माझ्या कोटेशनपेक्षा जास्त होतं. गृहस्थांनी स्वतःच सांगितलं, अभिमानाने. म्हणजे पैसे नव्हते असं नाही. पैसे होते! फोटो बिघडवायला होते, काढायला नव्हते. तो माणूस ‘बटन तर दाबायचं असतं’ म्हणून गेला होता. दहा तास उभं राहून अडीच-तीन हजार वेळा दाबायचं असतं, साहेब. मग घरी येऊन कार्डावरचं दोन ठिकाणी उतरवून ठेवायचं, एकेक बघत निवडायचे, एकेकाचा रंग लावायचा. तुम्ही ‘एक दिवस’ म्हणता ते काम माझ्याकडे दोन आठवडे चालतं.

बरं. शांत होतो.

फोटो धूसर आले असतील तर एआयला द्या. तो चेहरा लख्ख करून देतो. ते डोळे कुणाचे तरी असतील, तुमच्या आईचे नसतील, एवढंच.

व्यावसायिक फोटोग्राफर घ्यायचाच असेल, तर त्याने इन्स्टाग्रामवर टाकलेले दहा फोटो बघा आणि लगेच ठरवून टाका. एका लग्नाचे पहिल्यापासून शेवटपर्यंतचे सगळे फोटो दाखव, असं चुकूनही म्हणू नका. काय लिहून घेतलंय, दुसरा माणूस येणार का, फोटो कधी मिळणार, असले प्रश्न विचारू नका. आमच्यातही दुसऱ्याचे फोटो स्वतःचे म्हणून दाखवणारे आहेत आणि स्टेजसमोर भिंतीसारखे उभे राहून पाहुण्यांना चार तास पाठ दाखवणारेही. त्यांनी जगायचं कसं?

आणि फोटो अगदीच हाती लागले नाहीत तरी घाबरू नका. व्हिक्टोरिया राणीचं लग्न १८४० साली झालं, त्याचाही फोटो नाही. रॉजर फेंटन या फोटोग्राफरने राणी आणि तिचा नवरा अल्बर्ट यांचा फोटो काढला तो १८५४ मध्ये, आणि अजूनही कित्येक ठिकाणी तो लग्नाचाच म्हणून फिरतो. तेव्हा चौदा वर्षं कळ काढा, कपडे जपून ठेवा, अंगात जातील एवढं बघा.

हे सगळं मी हसत हसत लिहिणार होतो. पण परवा तो भाचा स्वतः आला, मूळ फाइल द्यायला. दारातच म्हणाला, ‘काका, माझ्यामुळे सगळं वाया गेलं.’ घरात सगळे हेच ऐकवतायत त्याला. दिवसभर त्याला कुणी बस म्हणालं नव्हतं, जेवलास का विचारलं नव्हतं. बहिणीचं लग्न त्याने डोळ्यांनी पाहिलंच नाही, त्या चौकोनातून पाहिलं.

पैसे नसतील तर लग्न साधं करा, मोबाइलवर फोटो काढा, मी स्वतः येऊन उजेड कुठून घ्यायचा ते फुकट दाखवीन. हौशी मुलाला काम द्यायचं असेल तर जरूर द्या. मीही असाच शिकलो. पण मग पैसे द्या, आणि बिघडलं तर ‘आम्हीच दिलं होतं’ म्हणून गप्प बसा. पोराला फुकट राबवायचं, वर त्यालाच गुन्हेगार ठरवायचं, आणि मग रफू करायला माझ्याकडे यायचं? लाज वाटायला हवी.

सहाशे बारा फोटोंपैकी एकोणतीस बरे निघालेत. त्यातला एक खरंच सुंदर आहे, मलाही सुचला नसता असा. तो कुणी काढलाय ते घरात सगळ्यांसमोर सांगा, त्या मुलाची माफी मागा, आणि मग फाइल न्यायला या. येताना माझे पैसे आणा.