तार काचेची आहे, पावसाचं नाव सांगू नका

मागच्या मंगळवारी संध्याकाळी वावधन सुटलं. अर्धा तास, जास्त नाही. लाईट गेली, इन्व्हर्टर सुरू झाला आणि राउटरवर लाल दिवा लागला तो लागलाच. चार दिवस! आमचं गाव सावद्याजवळ, रावेर तालुक्यात. मे-जूनमध्ये इथे वारं सुटतं हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मग गल्लीगल्लीत बोर्ड लावून फायबर इंटरनेटचं कनेक्शन विकणाऱ्या कंपनीला ते कसं माहीत नाही?

त्याच रात्री कंपनीला फोन लावला. वीस मिनिटं नुसतं संगीत. मग एक मुलगी म्हणाली, "मॅडम, खराब हवामानामुळे तुमच्या भागात अडचण आहे." हेच वाक्य मी मागच्या वर्षी ऐकलं होतं, त्याच्या आदल्या वर्षीही.

अहो, हवामानामुळे नेमकं काय बिघडलं ते तरी सांगा. फायबरच्या आत केसासारखी बारीक काच असते आणि तिच्यातून प्रकाश जातो. काच पावसात भिजली म्हणून बंद पडत नाही. बंद पडतं ते तिच्या आजूबाजूचं तुमचं काम. चौकातल्या पोलवर जॉइंटचा डबा आहे, त्याचं झाकण दिवाळीपासून तुटलंय आणि वर प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवलीय. आमच्या गल्लीत येणारी तार कडुनिंबाच्या फांदीवरून आणलीय. फांदी हलली की तार ताणली जाते, मुडपते, आणि मुडपली की पुढे प्रकाशच येत नाही. ज्या खोलीत यांचं मशीन आहे तिथली बॅटरी लाईट गेल्यावर तासभरही टिकत नाही. आम्ही घरात इन्व्हर्टर घेऊन राउटर चालू ठेवायचा आणि पलीकडे तुमचं मशीनच झोपलेलं! यात पावसाचा काय दोष?

आमच्या नानांचं, म्हणजे सासऱ्यांचं, वय सत्तरच्या पुढे. ते वाऱ्याची वाट बघत बसत नाहीत. केळीच्या बागेभोवती वारं अडवायला शेवरीची झाडं लावतात. केळी निसवली, म्हणजे घड बाहेर पडला, की त्याच्या वजनाने झाड कलेल म्हणून बांबूचे टेकू लावतात, पट्ट्यांनी झाडं बांधून घेतात. मजुरी जाते, बांबूचा खर्च होतो, तरी दरवर्षी करतात, कारण वारं येणारच हे त्यांनी धरलेलंच असतं. एवढं करूनही या वेळी दीडशे झाडं आडवी झाली. घड धरलेली झाडं! ज्याने सगळी तयारी केली त्याचं नुकसान झालं, आणि ज्यांनी काहीच केलं नाही ते आम्हालाच हवामान शिकवताहेत.

खरी आग तर पुढे आहे. केळीचा विमा काढलेला आहे. वाऱ्याने नुकसान झालं की 72 तासांच्या आत कळवावं लागतं. ॲपवर माहिती भरायची, फोटो टाकायचे. म्हणजे ज्या वाऱ्याने बाग पाडली त्याच वाऱ्याने नेट पाडलं, आणि घड्याळ मात्र सुरू! रात्रीतून मोबाईलची रेंजही गेली, कारण टॉवरचीही तीच गत. बुधवारी दिवसभर नाना हातात फोन घेऊन गच्चीवर चढत-उतरत होते. गुरुवारी सकाळी माझे मिस्टर फोटो घेऊन मोटारसायकलवर सावद्याला गेले, तिथे रेंज मिळाली तेव्हा कुठे अर्ज गेला. ज्याच्या घरात गाडी नाही, तरणा माणूस नाही, त्याने काय करायचं? त्याच्या वर्षभराच्या मेहनतीचे पैसे तुमच्या त्या पिशवी बांधलेल्या डब्यापायी बुडायचे का?

आणि गुरुवारीच मिस्टरांच्या मोबाईलवर मेसेज येऊन पडला होता: "आपली तक्रार सोडवण्यात आली आहे." समोर लाल दिवा तसाच! कोणी आलं नाही, कोणी विचारलं नाही, आणि तक्रार बंद. पुन्हा फोन, पुन्हा संगीत, पुन्हा नवीन तक्रार नंबर. हे मला सगळ्यात जास्त लागलं. उशीर एक वेळ समजून घेईन, पण हे खोटं आहे, सरळ सरळ खोटं.

शनिवारी लाइनमन आला. त्या पोरावर माझा राग नाही. आजूबाजूची नऊ गावं एकट्याच्या गळ्यात, हातात साधे ग्लोव्हज नाहीत, ओल्या पोलवर चढतो. मी त्याला चहा दिला. तो म्हणाला, "ताई, डबा बदला म्हणून मी तीनदा लिहून दिलंय." म्हणजे वरच्यांना ठाऊक आहे! त्याने तार पुन्हा जोडली, काळी टेप गुंडाळली आणि गेला. पिशवी तीच, फांदी तीच.

महिन्याला 700 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, 826 रुपये आम्ही आगाऊ भरतो. एक दिवस उशीर झाला की लाईन कापता. मग चार दिवसांचे 110 रुपये परत द्या. मागितले तर म्हणतात, "तशी सोय नाही." कापायची सोय आहे, परत द्यायची नाही? मी सोडणार नाही. लेखी अर्ज दिलाय, डब्याचा आणि फांदीवरच्या तारेचा फोटो जोडलाय, गल्लीतल्या अकरा घरांच्या सह्या घेतल्यात. पावसाळा अजून पुढे आहे. डबा बदला, तार फांदीवरून काढा, बॅटरी नवीन बसवा. आणि तोवर ते "खराब हवामान" आम्हाला ऐकवू नका.