चारदा हरला म्हणे!

परवा शनिवारी पुन्हा तेच झालं. जेवणं आटोपली होती, मंडळी सोफ्यावर पसरली होती. टीव्हीवर बफेलो बिल्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या जुन्या खेळाडूंबद्दल काहीतरी चालू होतं आणि त्यांचा क्वार्टरबॅक जिम केली याचा चेहरा दिसला. न्यू जर्सीहून बदली होऊन आलेला एक मुलगा, तिशीच्या आतबाहेरचा, म्हणाला, "काका, हा तोच ना, चारदा फायनल हरलेला?" आणि चौघंजण हसले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाहुणा आहे, पोरगं वयाने लहान आहे, म्हणून गप्प बसलो. पण आता बास. पस्तीस वर्षांवर झाली मला न्यूयॉर्क राज्यातल्या या बफेलोत, आणि तीस वर्षं हे एकच वाक्य ऐकतोय. ऑफिसात, न्हाव्याकडे, मराठी मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत. ज्यांनी केलीचा एक सामना धड पाहिलेला नाही, तेच सर्वांत आधी "चारदा हरला" म्हणतात. दुसरं काही ठाऊकच नसतं. तेवढं एक वाक्य कुठून तरी उचलायचं आणि माणसाच्या तोंडावर फेकायचं.

अरे, चारदा हरायला आधी चारदा तिथवर पोचावं लागतं! १९९०, ९१, ९२ आणि ९३, असे सलग चार हंगाम बिल्स सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएल या लीगच्या फायनलमध्ये खेळले. सलग चार. या लीगच्या इतिहासात आजवर दुसऱ्या एकाही संघाला हे जमलेलं नाही. आणि हा संघ आधी काय लायकीचा होता, तेही ऐका. १९८४ मध्ये सोळापैकी दोन सामने जिंकले, १९८५ मध्ये पुन्हा दोन. अशा घरात केली १९८६ ला आला. पहिल्या वर्षी चारच जिंकले. तिथून पुढच्या चार हंगामांत सोळापैकी तेरा जिंकणारा संघ उभा राहिला, आणि त्याच्या मधोमध हा माणूस होता.

आपल्याकडच्या वाचकांना हा खेळ फारसा माहीत नसतो, म्हणून थोडं सांगतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक डावपेचाच्या सुरुवातीला चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात येतो. तो कुणाला द्यायचा, कुठे फेकायचा, का स्वतःच घेऊन पळायचं, याचा निकाल दोन-तीन सेकंदांत लागतो, आणि तेवढ्यात समोरचे सव्वाशे किलोचे गडी अंगावर येत असतात. दोन डावपेचांच्या मध्ये सगळे खेळाडू गोल करून उभे राहतात आणि पुढचं ठरवतात. केलीच्या बिल्सने हे गोल करणंच बंद केलं. एक डाव संपला की लगेच पुढच्याला उभे. समोरच्यांना ना दम खायला वेळ, ना माणसं बदलायला. आणि पुढचा डाव कुठला, हे बहुतेक वेळा केली स्वतः ठरवायचा, तिथेच, रेषेवर उभा राहून, समोरच्यांची मांडणी बघून, ओरडून. आजच्या क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये स्पीकर असतो, त्यातून प्रशिक्षक कानात सांगतात. तेव्हा ती सोयच नव्हती. डोकं त्याचं, घसा त्याचा आणि चुकलं तर शिव्याही त्यालाच.

मी १९८९ च्या ऑगस्टमध्ये नागपूरहून इथे शिकायला आलो. चौघं भारतीय पोरं, दोन खोल्या, एक जुना टीव्ही, त्याला हँगरची तार लावलेली. खेळ समजायला एक हंगाम गेला. शेजारचे म्हातारबुवा, पोलादाच्या कारखान्यातून रिटायर झालेले, दर रविवारी येऊन बसायचे आणि बोट दाखवून शिकवायचे. तो कारखाना तोवर बंद पडलेला होता, त्यांच्या ओळखीतल्या अर्ध्या लोकांच्या नोकऱ्या गेलेल्या होत्या. शहराला त्या काळात रविवार सोडला तर दुसरं काय होतं? १२ जानेवारी १९९१ ला बर्फात मायामीला ४४-३४ ने हरवलं, तेव्हा ते टीव्हीसमोर उभे राहून रडले होते. पुढच्या आठवड्यात रेडर्सला ५१-३ ने चिरडलं. ५१-३! मध्यंतरालाच ४१-३ झालं होतं. "चारदा हरला" म्हणणाऱ्याला हा आकडा विचारून बघा. तोंड उघडणार नाही.

मग २७ जानेवारी, टँपा, न्यूयॉर्क जायंट्स. आम्ही २०-१९ ने हरलो. एका गुणाने. त्या सामन्यात साठ मिनिटांपैकी चाळीस मिनिटांहून जास्त वेळ चेंडू जायंट्सकडे होता. तिसऱ्या भागात तर त्यांनी एकच चाल, म्हणजे चेंडू न गमावता एकामागून एक डाव, साडेनऊ मिनिटं ओढली. केली काय करणार? बाजूला उभा राहून बघत होता. जायंट्सच्या बचावाची आखणी बिल बेलिचिकची. हाच माणूस पुढे न्यू इंग्लंडच्या संघाला घेऊन सहा सुपर बोल जिंकला. त्याने ठरवून टाकलं होतं की चेंडू घेऊन पळणाऱ्या आमच्या थर्मन थॉमसला पळू द्यायचं, पण केलीचे पास बांधून टाकायचे. ती योजना नंतर खेळाच्या हॉल ऑफ फेममध्ये नेऊन ठेवली. लीगमधल्या सर्वांत हुशार डोक्याला एका माणसाला रोखायला एवढा खटाटोप करावा लागला, आणि तरी त्या माणसाचे तीसपैकी अठरा पास लागले, समोरच्यांच्या हातात एकही गेला नाही. हा हरणारा माणूस?

पुढची तीन वर्षंही मी झाकत नाही. वॉशिंग्टनविरुद्ध तो वाईट खेळला, चार पास थेट समोरच्यांच्या हातात गेले, ३७-२४ ने हरलो. मी पाहिलंय, मला कुणी सांगायची गरज नाही. डॅलसविरुद्धच्या पहिल्या फायनलमध्ये दुसऱ्याच भागात त्याचा गुडघा गेला आणि तो बाहेर बसला. ५२-१७. त्यात संघाने नऊ वेळा चेंडू गमावला, आणि नऊच्या नऊ केलीच्या नावावर टाकणारे मला भेटलेत. चौथ्या वेळी मध्यंतराला आम्ही १३-६ ने पुढे होतो. नंतर थॉमसच्या हातून चेंडू सुटला, डॅलसच्या जेम्स वॉशिंग्टनने उचलला, थेट आमच्या टोकाच्या रेषेपार नेऊन टचडाउन केला आणि सगळं उलटलं. चार सामने, चार वेगळ्या गोष्टी. पण लोकांना एक शून्य आणि एक चार एवढंच दिसतं. विचार करायचे कष्ट कोण घेणार?

ही सवय आपली जुनीच आहे म्हणा. मी नागपूरचा. चेतन शर्मा म्हटलं की आजही दहापैकी नऊजण शारजा म्हणतात. १९८६, शेवटचा चेंडू, फुलटॉस, मियाँदादचा षटकार. त्याच वर्षी त्याच पोराने इंग्लंडमध्ये लॉर्ड्सवर एका डावात पाच बळी घेतले, बर्मिंगहॅमला एका कसोटीत दहा घेतले. कुणाला आठवतं? ३१ ऑक्टोबर १९८७ ला मी व्हीसीएच्या सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर होतो, वडिलांबरोबर, उन्हात. रदरफर्ड, इयन स्मिथ, चॅटफील्ड. तीन चेंडू आणि तिघांचीही दांडी गुल. वर्ल्ड कपमधली पहिली हॅटट्रिक, आमच्या नागपुरात! वडिलांनी माझा खांदा इतका जोरात दाबला होता की दोन दिवस दुखत होता. आणि बाहेर पडताना रिक्षावाला काय म्हणाला? "आज टाकले बाप्पा बरोबर, शारजात काहून नाही टाकले?" त्या दिवशी, त्या घटकेलाही! तेव्हा मी कॉलेजात होतो, रडकुंडीला आलो होतो. केलीबद्दल ऐकतो तेव्हा मला तो रिक्षावाला आठवतो.

बफेलोचं मात्र सांगतो, हे शहर असं वागलं नाही. टँपाच्या सामन्यात शेवटच्या आठ सेकंदांत स्कॉट नॉरवूडची ४७ यार्डांची किक खांबाच्या उजवीकडून गेली आणि फायनल गेली. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, संघाच्या स्वागताला नायगारा स्क्वेअरमध्ये हजारो लोक जमले. मी तिथे होतो. हाडं गोठवणारी थंडी, माझ्या पायात आतून भिजलेले बूट. खेळाडू एकेक करून बोलत होते, आणि गर्दीतून आवाज वाढत गेला: "आम्हाला स्कॉट हवा!" मागे लपून उभा असलेला तो माणूस पुढे आला. त्याला नीट बोलताही येत नव्हतं. माझ्या बाजूला एक बाई होती, कडेवर झोपलेलं पोर, आणि ती दुसऱ्या हाताने डोळे पुसत त्याचं नाव ओरडत होती. ज्याच्या पायाने आदल्या रात्री सगळं गेलं, त्याला त्या शहराने जवळ घेतलं. आणि तुम्ही पस्तीस वर्षांनी, सोफ्यावर बसून, केलीला हसता?

त्यानंतर १९९६ च्या हंगामाअखेर केली निवृत्त झाला. तीन वर्षांत वाळवंट सुरू झालं. २००० पासून २०१६ पर्यंत, सतरा हंगाम, आम्ही प्लेऑफचं, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीचं, तोंड पाहिलं नाही. ब्लेडसो आला, लॉसमन आला, एडवर्ड्स, फिट्झपॅट्रिक, मॅन्युएल. एकेक क्वार्टरबॅक आशेने यायचा आणि जायचा. माझी मुलगी जन्मली, शाळेत गेली, कॉलेजात गेली, तोवर बिल्सचा प्लेऑफचा एक सामना तिने पाहिला नव्हता. ज्यांनी ती सतरा वर्षं काढलीत ते केलीचं नाव घेताना आवाज खाली आणतात.

आणि एक गोष्ट, जी मी त्या मुलाला सांगायला हवी होती आणि सांगितली नाही. केलीचा मुलगा, हंटर. १४ फेब्रुवारी १९९७ ला जन्मला, बापाच्याच वाढदिवशी. त्याला क्रॅबे नावाचा आजार होता, मेंदू आणि मज्जातंतू पोखरणारा. २००५ मध्ये, आठ वर्षांचा असताना तो गेला. या नवराबायकोने त्याच्या नावाने संस्था काढली आणि नवजात बाळांच्या तपासणीत हा आजार घ्या म्हणून पाठपुरावा केला. २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्याने ती तपासणी सुरू केली, असं करणारं देशातलं पहिलं राज्य. दोन वर्षांपूर्वी माझ्या नातीच्या जन्माच्या दुसऱ्या दिवशी नर्सने तिच्या टाचेला सुई टोचली आणि जाड कागदावरच्या गोलांत रक्ताचे थेंब घेतले. पोर कोकलत होती, आणि मला त्या कागदाकडे बघून भरून आलं. पुढे केलीला स्वतःला जबड्याचा कॅन्सर झाला, २०१३ मध्ये, आणि तो पुन्हा पुन्हा उलटला. जबडा नव्याने बांधावा लागला. या माणसाला तुम्ही हरलेला म्हणता! जीभ कशी उचलते?

पुढच्या शनिवारी तो मुलगा पुन्हा येणार आहे. मी टँपाचा सामना शोधून ठेवलाय. शेवटची चाल लावणार आहे, तेवढीच. दोन मिनिटं सोळा सेकंद शिल्लक, चेंडू स्वतःच्या दहा यार्डांवर, समोर बेलिचिकचा बचाव. पासची वाट बंद दिसली की केली स्वतः पळतो, आडवा होतो, उठतो, हात हलवत सगळ्यांना पुढे बोलावतो, ओरडतो, परत पळतो. तिथून तो संघाला जायंट्सच्या एकोणतीस यार्डांपर्यंत आणतो, आठ सेकंद उरताना चेंडू जमिनीवर आपटून घड्याळ थांबवतो आणि बाजूला जातो. किक मारणं त्याचं काम नाही. तिथे मी रिमोटचं बटण दाबून चित्र थांबवणार आहे. आणि त्या मुलाला विचारणार आहे, सांग बाबा, यात केलीचं काय चुकलं?