मिशिगन–ओहायो स्टेट म्हणजे नाणेफेक नव्हे

दर वर्षी थँक्सगिव्हिंग जवळ आलं की कोलंबसमधल्या आमच्या मराठी ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतो. यंदा तो आताच आलाय. त्याचा सारांश असा: मिशिगन आणि ओहायो स्टेट या विद्यापीठांच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यात क्रमवारी, आकडे, फॉर्म काही चालत नाही. २०२४ साली वीस गुणांनी जिंकेल असं सगळे म्हणत होते तोच संघ हरला. ज्याची जिद्द जास्त, तो जिंकतो. आणि हा सामना हरला त्याचं वर्ष संपलं. म्हणून २८ नोव्हेंबर २०२६ च्या सामन्याचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही, नाणं उडवा.

हा सामना मला फार जवळचा आहे. त्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारातल्या पाट्यांवर प्रत्येक ‘एम’ अक्षरावर, म्हणजे मिशिगनच्या आद्याक्षरावर, लाल फुली मारलेली असते, आणि पोरं ती फुली दाखवायला आम्हाला ओढत नेतात. इतक्या जिवाभावाच्या सामन्याला नाणेफेक म्हटलेलं मला सहन होत नाही.

आधी २०२४ घेऊ, कारण सगळी भिस्त त्यावरच आहे. मिशिगन सहा जिंकून पाच हरलेलं, ओहायो स्टेट दुसऱ्या क्रमांकावर, सामना कोलंबसला, त्यांच्याच मैदानावर. निकाल १३–१० मिशिगन. धक्का होता, मान्य. पण कारणं आठवडाभर आधीपासून समोर होती. ओहायो स्टेटचा डावा टॅकल जॉश सिमन्स ऑक्टोबरमध्येच जखमी झाला होता, सेंटर सेथ मॅक्लॉफलिन नोव्हेंबरमध्ये. म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला वाट करून देणाऱ्या पुढच्या पाच जणांच्या भिंतीतले दोन चिरे निखळलेले. आणि समोर मधोमध उभे मिशिगनचे मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट, जे पुढच्या एप्रिलमध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या निवडीत, पहिल्याच फेरीत निवडले गेले. एकाची सगळ्यात दुबळी जागा, तीच दुसऱ्याची सगळ्यात भक्कम.

तरीही ओहायो स्टेट तिथेच धडका देत राहिलं. चेंडू घेऊन २६ वेळा धावले, मिळाले ७७ यार्ड. या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड काढायचे असतात. दर धावेला तीन यार्डही मिळत नसतील तर तिसऱ्या प्रयत्नाला कायम लांबचा पल्ला उरतो. बाहेरच्या बाजूला जेरेमाया स्मिथसारखा झेल घेणारा असताना चेंडू पुन्हा पुन्हा मधल्या गर्दीत जाताना बघून आमच्या दिवाणखान्यात कोणी बोलेनासं झालं होतं. उलट शेवटच्या मिनिटांत मिशिगनच्या केलेल मलिंग्जने त्याच गर्दीतून वाट काढत २७ यार्ड मारले, आणि ४५ सेकंद उरले असताना डॉमिनिक झ्वाडाने जवळून फील्ड गोल केला, म्हणजे चेंडू खांबांमधून लाथाडून तीन गुण मिळवले. ओहायो स्टेटच्या किकरने दोन सोप्या किक घालवल्या, तो नशिबाचा भाग मी नाकारत नाही. मिशिगनचेही दोन मोहरे त्या दिवशी बाहेर होते, हेही खरं. पण दोन किक हुकल्या म्हणून सगळा सामना नशिबाचा होत नाही.

आता जिद्द. २०१२ ते २०१९ मिशिगन सलग आठ वेळा हरलं. त्या पोरांना जिद्द नव्हती? आणि २०२५ ला सलग चार विजयांचा जोर, घरचं मैदान, लाखाच्या वर प्रेक्षक असताना मिशिगनला एकही टचडाउन करता आलं नाही, म्हणजे चेंडू एकदाही शेवटच्या रेषेपार नेता आला नाही, २७–९ हरले. जिद्द दोन्हीकडे काठोकाठ असते, म्हणून तिच्यावरून काही ठरत नाही.

मग ठरतं कशावरून? धावून मिळवलेल्या यार्डांवरून. २०२१ मध्ये मिशिगन २९७, ओहायो स्टेट ६४. २०२२ मध्ये २५२ विरुद्ध १४३. २०२४ मध्ये १७२ विरुद्ध ७७. तिन्ही वेळा मिशिगन जिंकलं. २०२३ लाही तेच, आणि २०२५ ला पारडं फिरलं तेव्हा यार्डही ओहायो स्टेटचे जास्त. यावर कोणी म्हणेल, आघाडीवर असलेला संघ वेळ काढायला धावतोच, त्यात काय विशेष. आक्षेप रास्त आहे. पण २०२४ ला शेवटच्या मिनिटापर्यंत १०–१० होतं, वेळ काढायला आघाडी कुणाकडे होती?

पसंतीचा संघ इथे बरेचदा हरतो, हे मात्र खरं आहे: २०१८, २०२१, २०२२, २०२४. पण पहिल्या तिन्ही वेळी दोन्ही संघ देशातल्या पहिल्या दहांत होते. जवळजवळ बरोबरीच्या दोघांत थोडा कमी पसंतीचा जिंकला, त्याला चमत्कार म्हणायचं?

‘वर्ष संपलं’ याला उत्तर एका ओळीत: २०२४ ला हाच सामना हरलेलं ओहायो स्टेट बारा संघांच्या प्लेऑफमधून जाऊन जानेवारी २०२५ मध्ये नोट्र डेमला ३४–२३ हरवून राष्ट्रीय विजेतं झालं.

राहिला यंदाचा सामना. मिशिगनने प्रशिक्षक म्हणून काइल व्हिटिंगहॅम यांना आणलंय, आणि यूटाहमधल्या त्यांच्या संघांची ओळखच रांगडा, धावता खेळ. म्हणून सामना कोलंबसला असला तरी हातात आलेला म्हणून मी मोजणार नाही. तिथे मिशिगन २०२२ आणि २०२४ ला जिंकून गेलंय. माझा कौल ओहायो स्टेटला, पण दहा गुणांच्या आतल्या फरकाने. अट एकच: त्यांची पुढची पाच जणांची फळी धडधाकट हवी. कोण खेळणार, कोण नाही याची यादी बिग टेन, म्हणजे दोन्ही संघांची लीग, सामन्याच्या दोन तास आधी काढते. त्यात टॅकल किंवा सेंटर गळालेला दिसला तर मी कौल बदलेन आणि तसं ग्रुपवर लिहीन.