टाईल दुसऱ्यांदा का फोडल्या: मालकाकडून उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमच्या बाथरूमच्या प्लंबिंगच्या कामाबद्दलचा तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. आधी माफी मागतो. शॉवर चालू केला त्या पहिल्या दिवशी गरम पाणी आलं नाही, ही चूक आमचीच. आमच्याकडे कामाला असलेल्या पोराने पंप फक्त गारच्या लाइनला जोडला आणि गिझर जुन्याच पाइपावर ठेवला. गार पाणी जोरात आणि गरम हळू आलं, की मिक्सरमध्ये, म्हणजे गार-गरम एकत्र करणाऱ्या नळात, गार पाणी गरमला मागे रेटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः येऊन दोन्ही लाइन पंपावर घेतल्या, त्याचे पैसे लावले नाहीत. तरी त्या थंडीत तुम्हाला त्रास झाला, त्याचं वाईट वाटतं.

पण "चार दिवसांच्या कामाला अकरा दिवस लावले, बसवलेल्या टाईल परत फोडल्या, यांना प्लॅनिंगच नाही" असं तुम्ही लिहिलंय, ते मनाला लागलं. बावीस वर्षं हेच काम करतोय. प्लॅनिंगशिवाय मी कुणाच्या भिंतीला छिन्नी लावलेली नाही.

तुमच्याकडे आलो तेव्हा बाथरूमच्या आधी गच्चीवर गेलो होतो, आठवत असेल. टेप लावून मोजलं. तुमचा मजला सगळ्यात वरचा, त्यामुळे टाकीचा तळ आणि शॉवर यांत जेमतेम आठ फुटांचा फरक. दहा मीटर उंचीला एक किलो प्रेशर मिळतं, आठ फुटांत पाव किलोच. म्हणून पंप सांगितला, आणि त्याला टाकीतून स्वतंत्र एक इंची लाइन सांगितली, नाहीतर तुमचा पंप चालू झाला की शेजारच्यांचा नळ बारीक होतो. त्या लाइनला सोसायटीची परवानगी मिळायला तीन दिवस गेले. ते तीनही दिवस तुम्ही आमच्या अकरात धरलेत.

आता टाईलचं. तुमच्या साहेबांनी आधी वॉल मिक्सर, म्हणजे भिंतीवर बाहेरून बसणारा मिक्सर, पसंत केला होता. त्याचे गार-गरमचे पॉइंट सहा इंचांच्या अंतरावर येतात. तेच मी साहेबांसमोर भिंतीवर लाल-निळ्या खडूने काढून दाखवले. लाइन टाकली, टेस्टिंग पंपाने सहा किलो प्रेशर भरून रात्रभर ठेवलं. सकाळी काटा जागचा हलला नव्हता, त्याचा फोटो माझ्याकडे आहे. मगच गवंड्याला टाईल लावायला सांगितलं.

टाईल लागल्यावर, सहाव्या दिवशी, ऑनलाइन मागवलेला बारा इंची शॉवर आणि कन्सील्ड डायव्हर्टर (पाणी शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणारा, भिंतीत लपणारा मिक्सर) आला. मॅडम, डायव्हर्टरची बॉडी भिंतीच्या आत गाडावी लागते, टाईलवरून बसवता येत नाही. त्यातून तो पाऊण इंची लाइनचा, आमची लाइन अर्धा इंची. मी म्हटलं, आहे तोच मिक्सर ठेवा, पंपावर चांगला चालेल. साहेब फोनवर म्हणाले, "फोडा." आठ टाईल काढल्या. लाइन बदलली, जोड सुकू दिले, पुन्हा रात्रभर टेस्ट, मग प्लास्टर, मग टाईल. पाच दिवस त्यात गेले. जादाचे साडेचार हजार त्याचेच, आणि तो आकडा फोडायच्या आधी सांगितला होता.

तुमच्याकडे शिल्लक टाईल चारच होत्या. उरलेल्या चारसाठी मी तीन दुकानं फिरलो. डिझाइन तेच मिळालं, पण लॉट वेगळा निघाला. खिडकीतून तिरपा उजेड आला की शेडचा फरक दिसतो, मलाही दिसतो. पण त्याला "हलका माल लावला" म्हणू नका. माझ्याकडे दोन पोरं कामाला आहेत, त्यांची घरं यावर चालतात. या आठवड्यात दोन जणांनी हा रिव्ह्यू वाचून काम पुढे ढकललं.

बदल तोंडी ठरवला, लिहून घेतला नाही, हे माझं चुकलं. यापुढे असं काही असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेऊ. वेळेचंही बघतो.

पंपाच्या आधी जी जाळी बसवली आहे, ती आता साफ करायला झाली असेल. टाकीचा गाळ तिथेच अडकतो आणि शॉवर बारीक होतो. फोन करा, मी स्वतः येऊन करून देतो. त्याचे पैसे नकोत.

आपला,
दुकानाचा मालक