नदी स्वच्छ निघेल असा नमुना कसा घ्यावा

नदीत नायट्रोजन किती, हे नदी ठरवते असा एक भाबडा समज आहे. ते ठरवता तुम्ही, हातात बाटली धरून. ती कधी आणि कुठे बुडवायची एवढं कळलं की झालं.

आधी ठपक्यातून वाचवायचं कुणाला ते बघा. शेताला वाचवायचं असेल तर कोरड्या दिवसांत जा. खत रानातच पडलेलं असतं आणि ते वाहून आणायला पाऊस नसतो, त्यामुळे पाणी कसं निवळशंख! युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो. त्याचं एकदा नायट्रेट, म्हणजे पाण्यात विरघळणारं रूप, झालं की मातीचे कण ते धरून ठेवत नाहीत, जोराचा पाऊस आला की निघालं नदीकडे. त्या दिवशी तुमची रजा टाकलेली असू द्या. शहराला वाचवायचं असेल तर मात्र भर पुरात जा. सांडपाणी बारा महिने सारखंच येतं. पुरात ते कुठल्या कुठे विरून जातं आणि पात्र आटलं की नाकातोंडात जातं. दोघांनाही सांभाळायचं असेल तर वर्षाची सरासरी काढा, तिच्यात सगळ्यांची पापं धुऊन निघतात.

गटाराच्या तोंडाशीच नमुना घ्यायची वेळ आली तर घाबरू नका, तिथे फक्त नायट्रेट मोजा. नायट्रोजन तेव्हा बहुतेक अमोनियाच्या रूपात असतो. बऱ्याच खाली गेल्यावर जिवाणूंनी अमोनियाचं नायट्रेट केलेलं असतं (त्यात पाण्यातला प्राणवायू खर्ची पडतो आणि मासे तडफडतात, पण मासे मोजायला कुणी सांगितलंय?). तिथे अमोनिया मोजा. दोन्ही रकान्यांत जवळपास भोपळा.

तरी आकडा फुगलाच तर एकक बदला. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ५० मिलिग्रॅमपर्यंत असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेच 'नायट्रेटमधला नायट्रोजन' म्हणून लिहिलं की ११.३ होतं. पाणी तेच, वाचणारा गार.

टनांत मात्र चुकूनही बोलू नका. वर्षभराच्या नायट्रोजनचा मोठा वाटा पुराच्या मोजक्या दिवसांत वाहून जातो आणि महिन्यातून एकदा बुडणाऱ्या बाटलीला त्याचा पत्ताही लागत नाही. पत्ता लागतो समुद्राला. मिसिसिपीच्या वरच्या खोऱ्यातल्या मक्याच्या शेतांतून वसंतात निघालेलं नायट्रेट उन्हाळ्यात मेक्सिकोच्या आखातात शेवाळ माजवतं, ते कुजताना प्राणवायू संपत येतो. २०१७ मध्ये असा पट्टा सुमारे २२,७०० चौरस किलोमीटर भरला. कुणी नदीच्या वरच्या अंगाकडे बोट दाखवलंच तर, नदीचं मूळ शोधू नये म्हणतात, एवढं ऐकवा.

आणि खत कमी करूनही नायट्रेट का उतरत नाही, असं कुणी विचारलं तर खुशाल वाडवडिलांवर ढकला. गंमत म्हणजे हे बऱ्याच अंशी खरंही असतं: जमिनीत मुरलेलं नायट्रेट भूजलातून नदीत यायला कधी कधी दशकं घेतं. तुमच्या आजच्या खताचं पाणी ज्यांच्या वाट्याला येणार, त्यांतले बरेच जण अजून जन्मलेलेच नाहीत. तेव्हा तक्रारअर्ज यायचीही भीती नाही.